आंब्याला लागलेली रिंग

मित्रांनो, आंब्याच्या झाडाला आंबे लागतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या नामालाका बाजारातल्या आंब्याला मात्र आंब्यांबरोबर मीही लागले आहे. मी, ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी रिंग! हसू नका. गेली एकतीस वर्षं मी या फांदीवर लटकते आहे आणि माझा आवाज अजून खणखणीत आहे. मधली काही वर्षं तो गेला होता. तो परत कसा आला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझं तरुणपण रस्त्यावर गेलं. सरोवराच्या काठावर मासळी भरायची आणि झोम्बा शहरापर्यंत पळायचं, हे आमच्या ट्रकचं काम. एका पावसाळ्यात इथल्या पुलाजवळच्या खड्ड्यात असा दणका बसला की मी एका बाजूने वाकले. मेस्त्रीने मला उलटंपालटं करून पाहिलं, "हिचं आता काही खरं नाही," म्हणाला आणि दिलं भिरकावून. दोन महिने मी गवतात पडून रडले. खोटं कशाला बोलू?

मग बाजाराच्या तेव्हाच्या मुखियाने मला उचललं, सायकलच्या साखळीने इथे टांगलं आणि हातातल्या जाड बोल्टने एक ठोका दिला. ठण्ण! अख्खा बाजार दचकला. एका म्हाताऱ्याच्या हातातलं मक्याचं कणीस खाली पडलं. त्याच दिवशी नियम ठरले. सावकाश तीन ठोके म्हणजे सभा. भराभर ठोके म्हणजे संकट, आणि ते ऐकू आलं की हातातलं काम टाकून सगळ्यांनी धावायचं. जो कोणी उगाच वाजवील त्याने एक कोंबडी द्यायची.

काय दिवस होते ते! दळणाच्या गिरणीला आग लागली तेव्हा माझ्या ठोक्यांवर ओढ्यापासून गिरणीपर्यंत बादल्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला खोबरेल तेल लावून पुसलं. एवढा मान मला ट्रकवर असताना कधी मिळाला नव्हता.

पुढे घरोघरी मोबाइल आले. संकट आलं की लोक फोन लावू लागले आणि फोन लागेपर्यंत चोर घरी पोहोचून जेवायला बसू लागले. माझा बोल्ट कुणीतरी दाराला कडी म्हणून नेला. माझ्यावर कुणी फडकी वाळत घातली, कुणी खाली शेळी बांधली. मला गंज चढला. सहा वर्षं मी एक अक्षर बोलले नाही, मित्रांनो.

माझ्या सावलीतच माई नासिबेको मंदासी तळते. पिठाच्या गोल, फुगलेल्या, गोडसर. कामावरून परतणारी माणसं पाच-सहाच्या सुमारास यायची आणि तिची परात रिकामी व्हायची. पण मग पुलावर पिशव्या हिसकावणारे बसू लागले. दोन्ही बाजूंना पुरुषभर गवत, त्यात दिव्याचा पत्ता नाही. माईला दोनदा लुटलं. दुसऱ्या वेळी ढकलूनही दिलं, तिचा हात महिनाभर सुजलेला होता. मग बायका चारलाच पसारा आवरू लागल्या. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी बाजार ओस!

"असंच चाललं तर कढई विकून झोम्ब्यात कुणाकडे तरी धुणीभांडी करीन," असं ती एकदा आबितीला म्हणाली. आबिती म्हणजे तिच्या शेजारची टोमॅटोवाली म्हातारी. मी वरून सगळं ऐकलं. पण गंजलेल्या लोखंडाने करायचं काय?

इतक्यात बातमी आली की परिसराच्या सुरक्षेसाठी जिल्हा कचेरी अनुदान देणार आहे. अर्ज करायचा, बस्स. पुलासाठी तीन सौरदिवे, गवत कापण्याची सोय आणि शिट्ट्या मागायचं ठरलं. लिहायला बसले बाम्बो चिसाले. निवृत्त हेडमास्तर, अक्षर मोत्यासारखं. माझ्याच खाली बसून मोठ्याने वाचत लिहिलं, म्हणून मला सगळं पाठ आहे.

आता आमच्याकडची रीत अशी. कुणी "कसे आहात?" विचारलं की आधी "आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे आहात ना?" असं म्हणायचं. घर जळत असलं तरी आधी हेच! सगळ्यांची खुशाली झाली की मग, "बाकी सगळं ठीक, फक्त जरा घर जळतंय." त्यामुळे अर्जातल्या पहिल्याच चौकटीत, जिथे 'परिसराची सद्यःस्थिती' विचारली होती, तिथे बाम्बोंनी लिहिलं, "देवाच्या दयेने आम्ही सर्व सुखात आहोत. आपणही सुखात असाल अशी आशा आहे." पुलाची हकिगत आली चौथ्या पानाच्या पाठीमागे.

मध्ये आणखी एक चौकट होती, 'सुरक्षेची सध्याची साधने'. बाम्बोंनी क्षणभर वर पाहिलं. मी आशेने थोडीशी हललेसुद्धा. त्यांनी लिहिलं, "काहीही नाही." मित्रांनो, मेस्त्रीने फेकलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

महिन्याने उत्तर आलं. नामालाका सुखात असल्याचं वाचून कचेरीला आनंद झाला होता. अनुदान मात्र गरजू परिसरांसाठी होतं.

माई नासिबेकोने झारा कढईत आपटला. "मास्तर, अर्ज लिहिलात की लग्नाचं आमंत्रण?"

"अहो माई, भेटल्या भेटल्या रडगाणं गायचं? माझ्या आईने असं शिकवलं नाही मला."

"तुमच्या आईला पुलावर ढकललं असतं ना, तर शिकवलं असतं!"

दुसरा अर्ज माईने समोर बसून लिहून घेतला. पहिलंच वाक्य: "आमच्या पुलावर माणसं लुटली जातात." बिचारे बाम्बो प्रत्येक शब्दाला "अरेरे" म्हणत होते. 'साधने' खाली मात्र पुन्हा तेच, "काहीही नाही." मी तोंड फिरवलं. म्हणजे वाऱ्याने फिरले, पण माझ्याही मनात तेच होतं.

या वेळी कचेरीने पाहणीसाठी माणूस पाठवला. माई म्तांबो नावाच्या अधिकारीण बाई, डोक्यावर पिवळा रुमाल, हातात आमचे दोन्ही अर्ज. येताना पुलापाशी त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हरने ते बदललं आणि नट पुन्हा आवळायला गाडी नेमकी माझ्या सावलीत उभी केली. सभेला सत्तरेक माणसं जमली. बाईंनी हसून विचारलं, "कसे आहात सगळे?"

आणि अख्खी सभा एका सुरात म्हणाली, "आम्ही बरे आहोत! तुम्ही बऱ्या आहात ना?"

"चोऱ्या वगैरे?"

"देवाची दया आहे!" आबिती म्हणाली. पाहुणीला आल्या आल्या भ्यायला लावायचं कसं, नाही का? लोक खुशालीतून बाहेर येईनात, आणि त्या गलक्यात माई नासिबेकोचं कुणी ऐकेना. बाईंना तर आणखी दोन गावं करायची होती. त्यांनी अर्ज मिटला, आभार मानले. माणसं कामाला पांगली. माई नासिबेको कढईपाशी तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ड्रायव्हरचा चाकाचा पाना जमिनीवर पडला होता. तो तिने उचलला. बायांनो, पोरांनो, त्या पान्याची आणि आमच्या जातीची जन्मापासूनची ओळख! ती माझ्यासमोर आली तेव्हा माझी भीतीने गाळण उडाली. आवाज फुटेल का? आणि फुटला, तर कुणी येईल का? सहा वर्षं झाली होती.

ठण्! ठण्! ठण्! ठण्! गंजाचे पोपडे उडाले. आवाज निघाला, अगं बाई, काय निघाला! फांदीवरचे पक्षी उडाले, शेळीने दोर तोडला.

आणि लोक आले. धो धो आले! कुणी मुसळ घेऊन, कुणी फावडं, न्हावी अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट. आबिती दोन्ही हातांत टोमॅटो घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"पुलावर का? परत पुलावर का?"

"या वेळी कुणाची पिशवी?"

"मागच्या मंगळवारी माझी नेली, आज कुणाची?"

"मी म्हणत होतो, त्या गवतातच दडून बसतात मेले!"

अधिकारीण बाई गाडीचं दार धरून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती. मग त्या आबितीला म्हणाल्या, "आजी, हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, कसे आहात," आबिती धापा टाकत म्हणाली. "पुलाचं कुठं विचारलंत?"

बाई इतक्या हसल्या की पिवळा रुमाल सुटला. मग बाकावर बसून त्यांनी एकेकाची हकिगत लिहून घेतली. 'साधने' या चौकटीशी आल्या तेव्हा थांबल्या. "काहीही नाही? हे कुणी लिहिलं?" बाम्बो चिसाले आपल्या बुटांकडे बघू लागले. बाईंनी ती ओळ खोडली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "एक रिंग, आणि ती ऐकून धावणारी माणसं." मोठ्याने वाचलंही. माझा ऊर भरून आला.

बाम्बोंनी मात्र घसा खाकरला. "माई, चोर नव्हता. नियमाने कोंबडी लागते."

"घ्या कोंबडी!" माई डोळे पुसत ओरडली. "दोन घ्या!" त्या दुपारी सगळ्यांनी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि कोंबडीचा रस्सा खाल्ला. बाईंची उरलेली गावं दुसऱ्या दिवसावर गेली.

अडीच महिन्यांनी दिवे आले. गवत कापलं गेलं. आता संध्याकाळी पूल उजळतो आणि माईची परात सात वाजता रिकामी होते. शिट्ट्या आल्या, पण त्या मुलांनी फुंकून फुंकून संपवल्या. मला नवी साखळी मिळाली, आणि दाराची कडी झालेला माझा बोल्ट बाम्बो चिसाल्यांनी शोधून आणून माझ्याशेजारी बांधला. मी त्यांना माफ केलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत माझ्यासारखं काहीतरी टांगलेलं असेल. त्याला तेल लावा, त्यावर फडकी वाळत घालू नका. मदत हवी असेल तर पहिल्याच ओळीत मागा, खुशाली नंतर विचारा. आणि कधी भराभर ठोके ऐकू आले, तर आधी कारण विचारत बसू नका. धावत या. हातात टोमॅटो असले तरी चालतील.