साडेसातचा अवतार

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या हिरूच्या सासरी पाय ठेवायला जागा उरत नसे. ओटीवर माणसं, अंगणात माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली माणसं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात उदबत्त्यांचा पुडा. एकाने तर आजारी रेडकू दाव्याला धरून आणलं होतं. देव साडेसातला प्रकट व्हायचा आणि मराठीतून बातम्या सांगायचा.

थट्टा करत नाही. १९८६ सालच्या माघातली गोष्ट आहे, आणि गाव रसायनीजवळच्या आमच्या कुंभिवलीपासून फार लांब नाही. हायवे सोडून शेतांच्या बांधावरून अर्धा कोस आत गेलं की लागतं. माझी धाकटी बहीण हिरू तिथे दिलेली. तिचा नवरा नागू मस्कतला क्रेन चालवायचा. सुट्टीवर येताना त्याने बोटीने एक टीव्ही मागवला होता. टीव्ही कसला, धान्याचं कपाटच. आत तीन नळ्या, त्यांचं चित्र आरशावर पडायचं आणि आरशावरून पडद्याच्या पाठीवर. गोदीतून सुटून तो घरी पोचेपर्यंत नागूची सुट्टी संपत आली होती. एरियल बांधून, तारा जोडून तो परत गेला. चित्र कसं दिसतं हे बघायलाही थांबला नाही.

चित्र दिसलं ते असं. बातम्या देणाऱ्या बाईंना तीन तोंडं. मधलं हिरवं, डावीकडे लाल, उजवीकडे निळं. हातही सहा. नागूच्या आईने, येसूबाईने, हातातलं सूप खाली ठेवलं आणि पडद्यापुढे डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी घाटावरून उतरलेले भिवाजीबुवा तिथे हजर झाले. असल्या लोकांना वास कसा लागतो, देव जाणे. भगवी कफनी, गळ्यात चार प्रकारच्या माळा आणि अंगावर एवढी मोठी शाल, की तिच्याखाली बिऱ्हाड मावावं. बुवांनी पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "तीन शिरं, सहा हात. साक्षात दत्तगुरू!" दत्तगुरूंनी साडी का नेसावी आणि कांद्याचे भाव का सांगावेत, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी बुवांकडे उत्तर तयार असणारच.

चमत्कार एवढ्यावर थांबला नाही. बुवा टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर घोंगडी टाकून बसत आणि मंत्र म्हणत, "ॐ ह्रीं क्लीं, त्रिगुणी त्रिकाळी, काशीचा कोतवाल, गिरनारचा पहारेकरी, उघड नेत्र, हजर हो!" की टीव्ही आपोआप लागे. कुणी बटण दाबत नसे, कुणी जवळही जात नसे. शिवाय टीव्हीच्या बुडातून थेंब थेंब पाणी ठिबकू लागलं. येसूबाईने बोटावर घेऊन चाखलं तर गोड! बुवांनी लगेच खाली पितळी वाटी ठेवली. तीर्थ!

मी रसायनीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर. रविवारी आसपासच्या लोकांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, म्हणून घरबसल्या या गोष्टी कानावर येत होत्या आणि मी हसत होतो. देव बातम्या सांगतो ना, सांगू दे. पण त्या गुरुवारी पहिली पाळी संपवून मी गेटबाहेर आलो, तर हिरूचा शेजारी विठू सायकल घेऊन उभा.

"चांगो, तू चल," तो म्हणाला. "आज अकरावा दिवस हाय. वाटी भरली. बुवा पदूला तीर्थ पाजनार."

माझं हसू तिथेच संपलं. पदू म्हणजे हिरूची मुलगी, आठ वर्षांची. तिला फिट येते. पनवेलच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्यापासून वर्षभर एकही आली नव्हती.

"गोळ्या घेते ना ती?"

"बुवाने बंद केल्या. परवा पोरगी अंगनात पडली, दातखीळ बसली. बुवा म्हनला, ही फिट नाय, देवाची झडप हाय. तीर्थाने उतरंल."

वाटेत मी विठूला एकच विचारलं. टीव्ही हायवेवरून घरापर्यंत आणला कसा?

विठूची कळी खुलली. "टेंपो आत येतो कुठं? आठ जनांनी बांबूला बांधून आनला. ढोल-सनईचा खालूबाजा लावला व्हता. मंग काय, पालखी नाचवतो तसा नाचवला! मारुतीच्या देवळापुढं तर पाच येढं घातलं. असा वर, असा खाली!"

"आणि आपटला किती वेळा?"

"दोनदाच," विठू म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. हिरू ओटीवर पदूला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे डोळे खोल गेलेले. मी वाकून वाटीत बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं. बुळबुळीत. ही बुळबुळ मी रोज पाहतो. आमच्या कारखान्यात यंत्रं थंड ठेवायला ग्लायकॉल नावाचा पदार्थ वापरतात. त्याच्या पिंपांवर कवटीचं चित्र असतं, आणि पहिल्याच दिवशी फोरमन सांगतो, हे गोड लागतं, म्हणूनच चाखायचं नाही.

"हिरू, हे अजून कुणी प्यालंय?"

"नाय रं दादा. सासूबाईंनी थेंब चाखला तेवढाच. वाटी भरल्याबिगर द्यायचं नाय म्हनले बुवा." मग ती म्हणाली, "मांजरीनं चाटलं व्हतं. ती दोन दिसांनी मेली. बुवा म्हनले, मोक्ष मिळाला."

वाटी उचलून उकिरड्यावर फेकावी असं माझ्या फार मनात आलं. पण फेकून काय झालं असतं? टीव्ही ठिबकतच होता. उद्या दुसरी वाटी भरली असती, आणि पदूला पुन्हा फिट आली की बुवा म्हणाला असता, मामाने तीर्थ लाथाडलं म्हणून. वाटी नव्हे, वाटीवरचा विश्वास सांडायला हवा होता.

मी टीव्हीजवळ गेलो. पडद्याखाली पट्टीवर एक लहानशी काळी काच होती, करंगळीच्या नखाएवढी. असली काच मी एका मासिकात पाहिली होती. लांबून बटण दाबलं की तिला कळतं आणि टीव्ही चालू होतो. म्हणजे या काचेचा जोडीदार, हातात मावणारी बटणांची डबी, टीव्हीबरोबर आलेलीच असणार. नागू घाईत ती खोक्यात विसरला असणार. आणि खोक्यावर कोण बसलं होतं?

मी हात जोडले. "बुवा, देवाला टिळा लावू?"

"लाव की!" बुवा प्रसन्न होऊन म्हणाले. "तुझीबी श्रद्धा जागी झाली म्हन!"

मी येसूबाईच्या देव्हाऱ्यातून बुक्का घेतला, तेलात कालवला आणि त्या काळ्या काचेवर चांगला जाड टिळा ओढला. कुंकू मुद्दाम घेतलं नाही. बुक्का म्हणजे कोळशाची भुकटी, त्यातून काहीच आरपार जात नाही.

साडेसात झाले. बुवांनी डोळे मिटले. "ॐ ह्रीं क्लीं, त्रिगुणी त्रिकाळी, उघड नेत्र, हजर हो!"

पडदा काळाच.

"गिरनारचा पहारेकरी, हजर हो!"

पहारेकऱ्याचा पत्ता नाही. शालीखाली हाताची चुळबुळ सुरू झाली. बुवा कधी डावीकडे झुकत, कधी उजवीकडे. एकदा अर्धे उठलेही. टिळा पुसा, असं सांगायची सोय नव्हती. देवाला लावलेला टिळा पुसायला सांगणारा बुवा अजून जन्माला यायचा आहे.

"बुवा, देव रुसला काय?" येसूबाईने काळजीने विचारलं.

"नाय, नाय, येतोय," बुवा घामाघूम होऊन म्हणाले आणि शाल सावरायला गेले. खटकन आवाज झाला. साबणाच्या वडीएवढी काळी डबी जमिनीवर पडली, तिच्यावर बटणांच्या रांगा.

मी ती उचलली, विठूला धोतराच्या सोग्याने काचेवरचा टिळा पुसायला लावलं आणि येसूबाईच्या हातात डबी दिली. "आई, हे लाल बटण दाबा. मंत्र म्हटला नाही तरी चालेल."

येसूबाईने दाबलं. तीन तोंडांच्या बाई लगेच हजर झाल्या आणि वीजटंचाईबद्दल बोलू लागल्या. येसूबाईने पुन्हा दाबलं, बाई गेल्या. पुन्हा दाबलं, बाई आल्या. असं तिने सहा वेळा केलं. अंगणात हशा पिकला. बुवांना राग आला होता की अब्रू वाचवायची होती, कोण जाणे. त्यांनी वाटीच उचलली.

"डबी खोटी आसंल, पन तीर्थ खरं हाय!" ते ओरडले. "बघा, मीच आधी पितो!"

खरं सांगतो, एक क्षणभर मी हललो नाही. या माणसाने माझ्या भाचीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पण तो लबाड होता, खुनी नव्हता. आपण काय पाजायला निघालोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. वाटी ओठाला लागायच्या आत मी हातावर फटका मारला. वाटी उडाली, तीर्थ शेणाने सारवलेल्या ओटीवर पसरलं.

"अरे, मरशील!" मी म्हणालो. "विष आहे ते. मूत्रपिंडं निकामी होतात. मांजर मोक्षाला गेलं नाही, विषाने गेलं!"

हिरूने पदूला इतकं घट्ट धरलं, की पोर कळवळली.

मग मी टीव्हीच्या तळाची फळी काढली आणि येसूबाईला बॅटरीच्या उजेडात तीन नळ्या दाखवल्या. लाल, हिरवी, निळी. तिन्हींची चित्रं पडद्यावर एकावर एक बसली की एक माणूस दिसतो. हलली की तीन. नळ्या तापतात, म्हणून त्यांच्या तोंडाशी थंड ठेवणारा द्रव भरलेला असतो. पालखी नाचवली तेव्हा नळ्या जागच्या हलल्या आणि निळ्या नळीचं रबर फाटलं. तेच तुमचं तीर्थ.

कुणाचा विश्वास बसेना. मग मी टीव्ही लावला, लाकडी पट्टीला एक जुनी लग्नपत्रिका बांधली आणि येसूबाईच्या हातात दिली. "आत हात घालू नका, पत्रिका तेवढी लाल नळीच्या काचेपुढे धरा."

तिने धरली. पडद्यासमोरच्या लोकांनी एकच गलका केला. "लाल तोंड गेलं!"

तिने पत्रिका काढली. "आलं!"

"म्हंजी देवाचं तोंड मी झाकते नि मीच उघडते?" येसूबाई म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, हसता हसता रडली.

मी टीव्ही बंद केला, आतली वीज उतरू दिली आणि गळक्या निळ्या नळीची तार काढून ठेवली. मग टीव्ही लावून स्क्रू फिरवत लाल चित्र हिरव्यावर आणलं. विठू पडद्यासमोर उभा राहून सांगत होता, "आजून उजवीकडं रं, आता खाली, बस बस!" रात्रीच्या बातम्यांपर्यंत पडद्यावरच्या बाईंना एकच तोंड आलं. निळा रंग नसल्यामुळे ते हळद लावल्यासारखं पिवळं दिसत होतं, पण एकच होतं. रबर बदलायला पुढचे दोन रविवार लागले. तुम्ही मात्र असलं काही घरी उघडायला जाऊ नका. बंद टीव्हीतही जीव घेण्याइतकी वीज साचून असते.

बुवा एव्हाना कोपऱ्यात चहा पीत होते. चहा हिरूनेच दिला होता. मी डोळे वटारले तसं ती माझ्यावरच उसळली.

"त्याच्यावर काय रागावतोस? तो दोन-दोन तास बसून माझं ऐकायचा. पदूला काय व्हतं, कधी व्हतं, मी काय खाल्लं व्हतं पोटुशी असताना, समदं विचारायचा. डॉक्टरानं कागद लिवला नि पुढच्याला हाक मारली. आनि तू? गोळ्या दे म्हनलास. का द्यायच्या, किती वर्सं द्यायच्या, बंद केल्या तर काय व्हतं, कधी सांगितलंस?"

टीव्हीच्या नळ्या गावाला समजावणारा मी, सख्ख्या बहिणीला एका गोळीबद्दल चार वाक्यं बोललो नव्हतो. बुवाने जी जागा धरली, ती आम्हीच रिकामी ठेवली होती.

तिने पेटीतून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी पदूला दिली आणि मला विचारलं, "ही गोळी डोक्यात जाऊन काय करते?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग कुनाला म्हाईत हाय?"

सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघं पनवेलला गेलो. हिरूने प्रश्न कागदावर लिहून घेतले होते, सात. पहिल्याला डॉक्टरांनी मान वर न करता उत्तर दिलं. तिसऱ्याला त्यांनी पेन खाली ठेवलं. सातव्यापर्यंत बाहेरची रांग कुरकुरू लागली होती, आणि हिरू खुर्चीवरून उठायला तयार नव्हती.

वाचकहो, चमत्कार पाहिला की हात जोडायच्या आधी विचारा. हे कसं होतं? आत काय आहे? मी करून पाहू का? बुवाला विचारा, डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्या शहाण्यालाही विचारा. खऱ्या माणसाला प्रश्नाचा राग येत नाही. आलाच तर उत्तर दिल्यावर येतो. आणि जो उत्तर न देता वाटी पुढे करतो, त्याची वाटी आपल्या पोराच्या तोंडाला लावू नका.