वेशीबाहेरचा उंबरा

हाकेवाडी सोनईपासून दोन कोसांवर होती. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडायची नाही. ते गाव दगडमातीवर उभं नव्हतंच मुळी. बायका रोज उठून जे करायच्या आणि जे बोलायच्या, त्यावर ते उभं होतं. पहाटे अंगणात सडा, उंबऱ्यावर पाणी, पहिली भाकरी गाईला. एक दिवस चुकलं तर त्या घराची भिंत खचायचीच. आणि बोलणं तर त्याहून जपून. डब्यातलं पीठ संपलं असं म्हणायचं नाही, पीठ वाढलं म्हणायचं. बायडाबाई एकदा घाईत 'संपलं' बोलून बसली, तर अकरा दिवस तिच्या जात्यातून पिठाचा कण पडेना. वरून बाजरी टाकावी, तर खालून बाजरीच! नवऱ्यानं घुगऱ्या खाऊन दिवस काढले.

सगळ्यात कडक नेम घराबाहेर पडतानाचा. 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. घरातल्यानं उलट 'ये' म्हणायचं. हिंदूचं घर असो की मुसलमानाचं, नेम एकच. 'जाते' म्हणून वेस ओलांडली, की गाव त्या माणसाला दिसेनासं व्हायचं.

हे सगळं पाळण्यापासून पाठ असूनही बद्रुन्निसाच्या घरात नको ते घडलं. बद्रुन्निसा गावोगाव बांगड्या भरणारी, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. एकुलती एक लेक जरीना. तिच्यासाठी आईनं बहिणीच्या मुलाला शब्द दिलेला, आणि लेकीचं मन बसलं कोपरगावकडच्या साखर कारखान्यातल्या नियाजवर. घरात रणकंदन झालं. शेवटी जरीना उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "जाते मी!"

तेवढ्यावर भागलं असतं. एकट्याचा शब्द अर्धाच असतो. घरातल्यानं 'ये' म्हटलं की तो सावरतो. पण बद्रुन्निसाचं डोकं फिरलेलं. ती म्हणाली, "जा!"

झालं! दोघींनी मिळून दार बंद केलं. त्यानंतर दोन वर्षं ही बाई रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या थापायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मला भूक लई लागते.

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, ऐन लढाईच्या दिवसांत, एका सकाळी नियाज तिच्या दारात येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता.

"अम्मा, जरीनाला बाळंतपनाला गाडीतनं घिऊन आलोय. पन तिला गाव दिसंना! तिचा हात धरून वेशीतून ओढली, तर मी आत आन हातात काईच न्हाई. मागं वळून बघतो तर ती तिकडं बाभळीखाली! तीनदा केलं तसं. आन आता तिला कळा सुरू झाल्यात."

हातातली बांगड्यांची टोपली बद्रुन्निसानं तिथंच सोडली आणि धावत सुटली. वेशीबाहेर माळावर, बाभळीच्या विरळ सावलीत जरीना बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. बद्रुन्निसा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, "बेटा," म्हणाली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरू गेली. जरीना तिच्यातून आरपार बघत होती. आईच्या खांद्यावरून पलीकडं, रस्त्याकडं. कळ आली तशी ती कळवळून म्हणाली, "अम्मा कुठं हाय माझी?" आणि तिची अम्मा तिच्यापासून वीतभर अंतरावर होती. असलं दुःख वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये.

बद्रुन्निसा उठली ती थेट आक्काबाईकडं. आक्काबाई गावची सुईण आणि गावच्या नेमांची राखणदारही. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं तिच्यापुढं कुणाची टाप नव्हती.

"बोललेला बोल मागं घेता येत न्हाई," आक्काबाई म्हणाली. "एकीनं जाते म्हनलं, दुसरीनं जा म्हनलं. गाठ पक्की बसली. जावयाला सांग, गाडी सोनईला ने."

"सोनईला पोचस्तवर काय हुईल ते तुमाला ठावं हाय, आक्का."

"ठावं हाय. पन एकीसाठी नेम मोडला तर उद्या गाव राहील का?"

"राहू नका देऊ!" बद्रुन्निसा कडाडली. "माझी लेक उन्हात तडफडती आन गाव उभं हाय! काय करायचं असलं गाव? लोणचं घालू? ती गावात येऊ शकत न्हाई ना? मग मी गाव तिच्याकडं नेते. बघतेच कोन आडवं येतं ते!"

ती घरी आली. शेणाची पाटी घेतली, पाण्याची घागर काखेत मारली, नियाजच्या डोक्यावर परात, तवा आणि पीठ दिलं. "नुसता उभा ऱ्हाऊ नगंस, जावई झालास ना? चल!" दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याला जावई म्हटलं, पण त्या गडबडीत दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

बाभळीपासून वीस पावलांवर तिनं माळ सारवला. पाण्याची एक सरळ रेघ ओढली आणि जोरात म्हणाली, "हा माझा उंबरा." तीन दगड मांडून चूल केली. मग घरी परत जाऊन स्वतःच्या चुलीतला विस्तव खापरीवर घेऊन आली. वेस ओलांडली आणि विस्तवाची राख झाली. ती परत गेली. परत राख. तिसऱ्यांदाही राखच. वेशीत बायकांचा घोळका जमला होता, आक्काबाई सगळ्यांच्या पुढं. कुणी हसत नव्हतं, पण पाऊलही कुणी उचलत नव्हतं.

बद्रुन्निसा मटकन खाली बसली. स्वतःचाच विस्तव स्वतःच आणायचा, हे कुठल्या घरात होतं? सकाळी काडी पेटवण्याइतकी चैन कुणाकडं होती? वीस वर्षं ती शेजारी जाऊन मागत आली होती आणि शेजारीण तिच्याकडं मागत आली होती. मागणारी हवी आणि देणारी हवी, तेव्हा चूल पेटते. तिनं मान वर केली.

"बायडे," तिनं माळावरून हाक मारली, "विस्तव दे गं."

बायडाबाईनं आक्काबाईकडं बघितलं. आक्काबाईचे डोळे जळत होते. बायडाबाईला अकरा दिवसांचं जातं आठवलं असणार. पण शेजारणीनं विस्तव मागितला आणि न्हाई म्हटलं, असं तिच्या घराण्यात झालं नव्हतं. ती घरात गेली, पळीभर निखारे घेऊन आली आणि वेस ओलांडून सरळ माळावर चालत गेली. निखारे लालच्या लाल.

"ने गं," ती म्हणाली. "आन मेले, पळी परत दे, मागल्या येळची अजून आली न्हाई."

चूल पेटली. तवा तापला, पहिली भाकरी पडली, बाजरीचा खरपूस वास माळभर सुटला. मग वेशीतून झुंबरबाई आली, उंबऱ्याच्या रेघेवर तिनं तांब्याभर पाणी ओतलं. कडूबाई केरसुणी घेऊन आली आणि कुणी न सांगता माळ झाडायला लागली. जी आली ती रोजचं काहीतरी करायला लागली.

बाभळीखाली जरीनानं डोकं वर केलं.

"धूर!" ती म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "अम्मा?"

नियाजच्या खांद्याचा आधार घेत, कळ थोपवत ती पाण्याच्या रेघेपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पाऊल उचलेना. दोन वर्षांपूर्वीचं सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"अम्मा, येऊ का?"

"इचारतीस कुनाला?" बद्रुन्निसाचा आवाज फाटला. "घर तुझंच हाय! ये. ये माझ्या बाई. ये!"

जरीनानं रेघ ओलांडली आणि आईच्या अंगावर कोसळली. तेवढ्यात मागून शिव्यांचा भडिमार ऐकू आला. आक्काबाई येत होती, पदर खोचून, बाळंतपणाचं गाठोडं काखेत घेऊन. "बघत काय बसलात? लुगडी धरा आडवी! पानी तापवा! त्या बाप्याला हाकला तिकडं!"

सूर्य डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी, की वेशीतली कुत्री भुंकायला लागली.

आक्काबाईनं हात धुतले, नाळ नीट बांधली आहे का ते पुन्हा पाहिलं, आणि बद्रुन्निसाकडं वळली. राग अजून उतरलेला नव्हता.

"मोडलास ना नेम? आता उद्या कुनीबी उठंल, जाते म्हनंल आन पुन्हा येऊन उभं ऱ्हाईल. मग काय करायचं गावानं?"

"म्हनू दे की," बद्रुन्निसा नातीवरून नजर न हलवता म्हणाली. "लेकरं चिडली की म्हनतातच तसं. आपन जा म्हनायचं न्हाई."