चौथ्या मजल्यावर कट्टा नाही

“अर्धेमुर्धे कट्टे ठेवू नका गं. माणसं वरच्या मजल्यांवरही म्हातारी होतात,” इंदुमतीकाकू म्हणाल्या, तेव्हा मी लेकीच्या, रिंकूच्या तोंडातून स्वेटरचं बटण काढत होते. “हो काकू, बिल्कुल,” म्हटलं आणि विसरून गेले.

सत्त्याण्णव साल. दिल्लीत आर. के. पुरमला काकूंच्या सरकारी क्वार्टरमधल्या एका खोलीत आम्ही राहायचो. तिकडे गाझियाबादच्या शेतांतून इमारती उगवत होत्या. त्यातली एक माझ्या नवऱ्याच्या, धैर्यशीलच्या कागदावर होती. त्याने प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी दगडी कट्टा काढला होता. पाठीशी जाळी, जाळीतून हिवाळ्याचं ऊन.

नकाशावर त्याने ‘कट्टा’ असंच लिहिलं. बिल्डर बत्राजींनी चष्मा वर केला. “हर फ्लोअर पे कट्टा? धैर्यशीलजी, बिल्डिंग बनानी है या गँग?”

तिकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. सगळी मीटिंग हसली. मग बत्राजी हळूच म्हणाले, “इतने में एक स्टोअर निकलता है. स्टोअर बिकता है जी, धूप नहीं बिकती.” माणूस वाईट नव्हता. निम्मे फ्लॅट विकायचे होते आणि बँक थांबत नव्हती.

धैर्यशीलने तीन दिवस खोडरबर झिजवलं. स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं पाठीला पाठ लावून आणली, पाइपांचे दोन बोळ होते तिथे एकच ठेवला. त्यात जी जागा वाचली ती पाहून बत्राजी म्हणाले, “चलो, आधे ले लो.”

घरी येऊन त्याने मला विचारलं, “कट्टे सम मजल्यांवर की विषम?”

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर ठरला होता. मी म्हटलं, “विषम.”

काका निवृत्त झाल्यावर काकूंनी आमच्याच इमारतीत चौथ्यावर घर घेतलं. वर्षभरात काका गेले.

मला आठवतं ते धुकं. खालचे मजले पुसून जायचे आणि आमचा कट्टा होडीसारखा तरंगत राहायचा. उशिरा ऊन यायचं, जाळीची नक्षी रिंकूच्या पायांवर सरकायची. मग वरून काठीचा आवाज, एकेक पायरी. काकू मटार घेऊन उतरायच्या. रिंकू दाणे पळवायची. “चोर आहेस गं, अगदी आईवर गेलीस,” काकू म्हणायच्या. मी मान वर करायचे नाही.

गेल्या वर्षी आम्ही पुण्याला आलो. आमच्या जागी आलेल्यांनी कट्ट्यावर कूलर ठेवला, पुढे लोखंडी ग्रिल लावून कुलूप घातलं. काकूंनी फोनवर सांगितलं, तेही हसत. “मग मी दारातच उभी राहते. बसायला कुठे आहे?”

आता तीन आठवडे काकूंचा फोन नुसता वाजतो आहे. दुपारी रिंकूला थोपटताना माझाच डोळा लागतो आणि तेच धुकं येतं. काकू चौथ्या मजल्यावर, हात मागे करून भिंत चाचपत, कट्टा कुठे गेला ते शोधत.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असाल, तर जाऊन या. पिवळी इमारत, पाण्याच्या टाकीसमोर. चौथा मजला, डावं दार, बाहेर तुळशीची कुंडी. बेल वाजवा आणि थांबा, गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागतो. तिथे टेकायला काही नाही. तेवढं उभं राहा.