उलटं पान

नेचा, म्हणजे फर्न, कागदावर चिकटवताना निदान एक पान उलटं ठेवा, हे बाई वनस्पती संग्रहालयातल्या नव्या मुलींना कानीकपाळी ओरडून सांगत. नेच्याची ओळख पानाच्या पाठीवर असते, समोरून सगळे सारखेच साळसूद दिसतात.

निवृत्तीला आठवडा उरला असताना कपाट आवरताना त्यांच्याच हातचा एक जुना कागद निघाला. वीतभरही नसलेला नेचा, सगळी पानं सुलटी, डिंकाने पक्की बसवलेली. खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा: ‘सामान्य जात. सर्वत्र आढळते.’

नेचा दादाने पाठवला होता. बाईंचा हा थोरला भाऊ वनरक्षक. शिकला बेताचाच, पण जंगलाची खडानखडा माहिती. ‘चिमे, हा फक्त घळीत, ओढ्याकाठच्या पाझरत्या खडकावर येतो. ऊन लागलं की जळतो. एकदा येऊन बघ,’ असं त्याने दोनदा कळवलं होतं. बाईंना परिषदेची घाई होती. शिवाय दादाला काय कळतंय, असंही वाटलं होतं, खोटं कशाला बोला. घळीतून रस्ता न्यायचा की नाही, हे त्या शेऱ्यावर अडलं होतं. शेरा गेला आणि महिन्याभरात झाडं पडली.

बाईंनी कोमट पाण्याने डिंक भिजवून एक पान सोडवलं, भिंगाखाली धरलं. सामान्य जातीच्या पाठीवर गोल ठिपके असतात. इथे तिरप्या रेघा होत्या. असा नेचा अख्ख्या संग्रहालयात दुसरा नव्हता. त्यांनी दादाला फोन लावला.

“दादा, तुझा तो घळीतला नेचा वेगळाच होता रे. मी चुकले.”

“मला वाटलंच होतं,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

“तिथे काही उरलंय का?”

“खडकच फोडला गं. आता रणरणतं ऊन असतं तिथे.”

“मी पाठ बघितलीच नाही. पानं सुलटी होती ना...”

“सुलटी कशी?” दादा गोंधळला. “तू शिकवलं होतंस तशी मी सगळी उलटीच दाबून पाठवली होती.”

बाईंना ती दुपार लख्ख आठवली. वर्तमानपत्राची घडी उघडून त्या हसल्या होत्या, ‘दादाला साधं पान सरळ ठेवता येत नाही,’ असं म्हणाल्या होत्या. मग कागद सुबक दिसावा म्हणून त्यांनी एकेक पान न बघताच सुलटं केलं होतं. भिंग हाताशीच पडलेलं होतं.