मघाचं ते पुन्हा लावाल का

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या जिन्यावरच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. त्यामुळे आमच्या संस्थेचे विश्वस्त काका बोलायला आले तेव्हा त्यांनी आधी खुर्ची थोडी लांब सरकवली, मगच बसले. म्हणाले, हेल्पलाइनला फोन तर धो धो येताहेत, पण बोलत कुणीच नाही. तुमच्या त्या जाहिरातींनी गावभरची टवाळ पोरं गोळा केली आहेत, दुसरं काही नाही. असंच चालणार असेल तर महिनाअखेरीस लाइन बंद.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेजारी बाई बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी तोंड मिटून घेतलं.

टायरच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या. एकीत बाई बसतात. त्या समुपदेशक, पण सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात. घरी सांगता येत नाही असं काहीही तरुण मुलांनी फोनवर सांगावं आणि बाईंनी ऐकावं, एवढंच त्या लाइनचं काम. गेली कित्येक वर्षं बाई त्या फोनपाशी आहेत. दुसऱ्या खोलीत मी आणि माझा माइक. मुलांपर्यंत हा नंबर पोचवायचा आणि तो फिरवताना त्यांना लाज वाटू नये असं बघायचं, हे माझं काम. शनिवारी कॉलेजची मुलं येतात, आम्ही मिळून रेडिओच्या जाहिराती, चित्रं, स्टिकर असलं काय काय करतो. रेकॉर्डिंग करायचं ते टायरवाल्याचा हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद असेल तेव्हा. तो सुरू झाला की आमच्या खिडक्या दाढदुखी झाल्यासारख्या कण्हायला लागतात.

या वेळी एका मुलीनं सुचवलं होतं की नंबर भिंतीवर लावूच नका, टिपून घेताना चारजण बघतात. कॉलेजच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा. मी आधी तिला वेड्यात काढलं, मग मुकाट्यानं स्टिकर छापायला दिले. तेव्हापासून फोन नुसते सुटले होते. बाई उचलायच्या, 'बोल, मी ऐकतेय' म्हणायच्या, पलीकडे कुणीतरी श्वास घ्यायचं आणि खट्. बंद.

माझा राग ओसरला की खाली चौकसपणा शिल्लक राहतो, आणि तो रागापेक्षा वाईट. जेवण सुचत नाही. मी माझी खुर्ची उचलली आणि बाईंच्या खोलीत जाऊन बसले. पलीकडचं ऐकायचा मला हक्क नाही, तो नियमच आहे. बाईंचा चेहरा आणि टेबलावरचा दिवा तेवढा बघत होते. फोन आला की दिवा लागतो. आधी यंत्रच फोन घेतं, थांबलेल्या माणसाला काहीतरी ऐकवत ठेवतं, मग बाई उचलतात. आणि बाई उचलतात झटक्यात. मुलांना ताटकळत ठेवायचं नाही, याचा त्यांना फार अभिमान.

बसल्या बसल्या मला एक गोष्ट खटकली. बाई चहा आणायला गेल्या की दिवा लागलेलाच राहायचा. विझायचा नाही. टवाळ पोराला ताटकळत ठेवलं तर ते कंटाळून जाईल की नाही? ही मुलं थांबायची. पळायची ती बाईंनी उचलल्यावर. आणि पळून जायची कुठे, तर लगेच पुन्हा दिवा. बाई म्हणाल्या, हा मघाचाच, मागे तीच लिफ्टची घंटा वाजतेय.

मी विचारलं, इतक्या दिवसांत एकानंही तोंड उघडलं नाही?

बाई जरा आठवून म्हणाल्या, "काल एकजण बोलला. 'मघाचं ते पुन्हा लावाल का' म्हणाला. मी म्हटलं, काय लावू? तर ठेवूनच दिला."

मघाचं ते. म्हणजे थांबलेल्या माणसाला ऐकवायचा निरोप. तो मीच लिहिलेला आणि माझ्या भाचीच्या आवाजात घेतलेला. भाची म्हणजे माझ्या थोरल्या ताईची मुलगी. लहानपणापासून अखंड बडबड, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात. आवाज गोड आणि फुकटात मिळणारा, त्यामुळे सगळे निरोप तिच्याकडूनच. 'तू फोन केलास हे बरं केलंस, थोडं थांब, आम्ही आलोच.' असला मिळमिळीत मजकूर कोण पुन्हा लावा म्हणेल? मी स्वतः लिहिलाय आणि मला तो दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावभर स्टिकर चिकटवणाऱ्या आमच्यापैकी एकानंही त्या नंबरवर कधी फोन केलेला नव्हता. मी जिना उतरले, कॉम्प्रेसरपासून लांब मागच्या गल्लीत गेले आणि नंबर फिरवला.

टिटवीच बोलत होती. पण हा निरोप नव्हता.

"सकाळी ना? अर्धा ब्रेड. उरलेला दप्तरात आहे. तू थांब म्हणेपर्यंत बोलत राहू ना? बरं. मी आठला निघते घरातून. सगळ्यांना वाटतं कॉलेजला जाते. मी परीक्षेनंतर गेलेच नाहीये. तीन विषय राहिले. मी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन बसते, खालच्या हॉलमध्ये. तिथं कुणी विचारत नाही का बसलीस म्हणून. त्यांना वाटतं, माझं कुणीतरी वर दाखल आहे. एक काकू असतात, त्या रोज अर्धं संत्रं देतात, विचारतात, पेशंट कसा आहे. मी म्हणते—"

"बोल, मी ऐकतेय," बाई म्हणाल्या.

मी बाईंना सांगितलं, मी आहे, पुन्हा करतेय, आणि देवाची शपथ आहे, उचलू नका. पुन्हा फिरवला. ब्रेड, दप्तर, कॉलेज, हॉल, संत्रं. मग ते, जे बाई झटक्यात उचलत असल्यानं बहुतेकांना ऐकायला मिळालंच नव्हतं.

"मी म्हणते, बरा आहे. कधी म्हणते, आज ताप आहे. परवा काकू म्हणाल्या, घरी कधी सोडणार? मला रडूच आलं. मावशी, मला आता त्या पेशंटची खरंच काळजी वाटायला लागलीय. झालं का? पुरे?"

आणि त्यावर माझा आवाज. "छान. एकदम छान आला. आता निरोप वाच."

मला ते रेकॉर्डिंग आठवलं.

आमच्या धंद्यात रेकॉर्डिंगच्या आधी माणसाला काहीतरी बोलायला लावतात, आवाज लहान-मोठा किती येतोय ते बघायला. 'सकाळी काय खाल्लंस' हा ठरलेला प्रश्न. उत्तराशी कुणालाच देणंघेणं नसतं. पडद्यावर एक हिरवी पट्टी वरखाली होत असते, आमचे डोळे तिच्यावर. ती लाल झाली नाही म्हणजे आवाज छान. पोरगी माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून हे सगळं सांगत होती आणि मी पट्टी बघत होते. नंतर फोनचं यंत्र बदललं तेव्हा मी निरोपाऐवजी ही चाचणीच त्यात भरली, आणि तीही पट्टी बघूनच भरली. ऐकली नाही. मला माझाच इतका संताप आला की रडूही येईना.

रिक्षा केली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. हॉलमध्ये खांबामागच्या बाकावर टिटवी बसली होती, मांडीवर दप्तर, शेजारी संत्रं सोलणाऱ्या काकू. मला बघून तिचे डोळेच पांढरे झाले. काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सरकून मला जागा केली. मीही त्याच पेशंटची कुणीतरी, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या आणि म्हणाल्या, काळजी करू नका, वय लहान आहे, सुधारेल.

मी म्हटलं, "हो. आता सुधारेल."

काकू वर गेल्यावर मी टिटवीला सगळं सांगून टाकलं. चाचणी, यंत्र, गावभरची मुलं. मला वाटलं, ती किंचाळेल, निदान चार शब्द तरी सुनावेल. मी ते ऐकायची तयारी करूनच आले होते. आधी तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग, काय सांगू, तिच्या कपाळावर ती लहानपणची आठी आली, घड्याळ उघडून आत काय आहे बघताना यायची ती.

"कुठपर्यंत ऐकलं त्यांनी?"

"संत्र्यापर्यंत. मग बाई उचलतात."

"म्हणून परत परत करतात?"

"म्हणूनच. तू काकूंना काय म्हणालीस ते त्यांना ऐकायचं असतं. मी आत्ताच्या आत्ता जाऊन ते काढून टाकते. तुझं नाव कुठे नाही, कुणाला कळणार नाही."

ती बराच वेळ संत्र्याची साल नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, काढू नकोस. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला. ती म्हणाली की ती मुलं तिच्यासारखीच कुठेतरी बाकावर बसली असणार, आणि पुढे काय झालं म्हणून थांबली आहेत. "पण मावशी, पुढचं अजून झालंच नाहीये. ते आधी करायला लागेल."

पुढचं करायला आम्ही तिच्या घरी गेलो. मी आयुष्यात भल्याभल्यांशी भांडले आहे, पण ताईच्या दाराची बेल दाबायला मी टिटवीलाच पुढे केलं. टिटवी चप्पलसुद्धा न काढता बोलली. एका दमात. ताई आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मग उठून माझ्यावरच घसरली, जसं काही ते तीन विषय मीच बुडवले होते. मी ऐकून घेतलं. शेवटी ताटं घेतली. जेवताना ताईनं पोरीला दोनदा वाढलं. भावोजींना रात्री तिनं आपणहून सांगितलं, मला बोलावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या खोलीत माइकपुढे बसली. कॉम्प्रेसर बंद होता. मी पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला आणि विचारलं, सकाळी काय खाल्लंस. तिनं सांगितलं. मी सगळं ऐकलं.

जुन्या चाचणीतून माझा आवाज आम्ही काढून टाकला आणि तिच्या बोलण्याच्या शेवटी एवढंच जोडलं: 'मी घरी सांगितलं. काय झालं ते ऐकायचं असेल तर बाईंना विचार. त्यांना सगळं माहीत आहे.' ही अक्कल तिचीच. मी हजार जाहिराती केल्या, मला हे सुचलं नसतं. बाईंना मात्र बजावलं, रेकॉर्डिंग संपेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. त्यांना ते फार जड गेलं.

महिनाअखेरीस काका आले. टिटवीही आली होती. मी त्यांना बसूच दिलं नाही. म्हटलं, आधी जिन्यात जा आणि आपल्या नंबरवर फोन करा. ते वैतागले, पण गेले. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. आधी ती ताठ होती. मग हळूहळू कठड्याला टेकली. इकडे बाईंनी उचलून 'बोल, मी ऐकतेय' म्हटलं आणि तिकडे काकांनी घाईघाईनं फोन बंद केला.

ते आत आले. मी नुसती बघत राहिले, म्हणजे माझ्या मानानं फारच सौम्य वागले. "काय बोलावं सुचेना," ते म्हणाले.

"टवाळ पोरांनाही सुचत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात दिवा लागला. बाईंचा हात सवयीनं पुढे गेला, मी तो धरून ठेवला. दिवा जळत राहिला. खोलीत कुणी हलेना. टिटवीचे ओठ हलत होते, आता ब्रेड, आता हॉल, आता संत्रं. काका दोनदा म्हणाले, अहो, उचला की. टिटवीनं 'संपलं' अशी मान डोलावल्यावर मी हात सोडला आणि बाईंनी उचलला.

बाई बोलल्या नाहीत. ऐकत राहिल्या. पलीकडे श्वास चालू असणार. मला वाटलं, आता खट् होणार, आणि सगळ्यावर पाणी.

मग बाईंचा चेहरा बदलला. "हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं तिनं. आईला." थोडं थांबल्या. "नाही, मारलं नाही. रडली आई. मग वाढलं तिला." पुन्हा थांबल्या. "नाही रे, काढलं नाही घरातून. त्याच घरात आहे."

टिटवीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"आणि तू?" बाईंनी विचारलं. "तू कुठे बसतोस?"

पलीकडून काय आलं ते मला माहीत नाही, आणि माहीत असायलाही नको. बाईंनी पायानं खुर्ची ओढली, नीट बसल्या आणि तळहातानं आम्हाला बाहेर जायची खूण केली. आम्ही तिघं चोरासारखे जिन्यात आलो आणि दार लावून घेतलं. आतून बाईंचा आवाज मधूनमधून येत होता, आणि मधली शांतता मोठमोठी होती. त्या शांततेत कुणीतरी बोलत होतं.

एवढ्यात खाली कॉम्प्रेसर सुरू झाला. जिना थरथरायला लागला. मी बाह्या सरसावून निघणार, तोच काका माझ्याआधी, दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले. त्यांनी टायरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा बंद ठेव बाबा. वर पोरगं बोलतंय."