बर्फावरची बाभळीची फळी

माझी लेक आफरीन पुण्यात डिझाइन शिकते. बर्फावर उभं राहून घसरत जायची फळी बाभळीची करून द्या, म्हणाली. बाजारात मिळतात त्यापेक्षा येगळी पाहिजे. म्हटलं, फळी मला शिकवू नगंस. ढेकळं फोडायला बैलांच्या मागं बांधतात अन् वर माणूस उभा राहतो, तसल्या फळ्या म्या लोहाऱ्यात चाळीस वर्सं केल्यात.

दोनदा तिनं फोनवर वजन ऐकूनच जड म्हणून नाकारली. तिसऱ्यांदा रंधा मारून मारून खांदा भरून आला. टोक शेकून वर वळवलं, कड्या ठोकल्या अन् फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

“अब्बा, पुढं या लोखंडी कड्या कशाला?”

“दोर बांधायला. न्हायतर ओढणार कशी?”

“तिला कुणी ओढत नसतं. डोंगराचा उतारच नेतो.”

“फुकट?”

“हो अब्बा, फुकट.”

म्या फोन ठेवला. कड्या काढायचं अंगात त्राण नव्हतं. फळी अंगणात टाकली अन् तिच्यावर उभा राहिलो. लई वेळ राहिलो. आमच्याकडं सगळं सपाट.