सिलोनची बाजू

"आई, आकडा अंदाजानं लिहायचा न्हाई. हाय तसाच उतरवायचा. पुसट असंल तर जागा मोकळी सोड."

ज्ञानू सांगायचा आणि मी मान हलवायची. रोज एकशे आठ वेळा रामनाम लिहायचा माझा नेम, त्यामुळे अक्षर बरं. एम. ए.च्या प्रबंधासाठी लेकानं पुण्याच्या ग्रंथालयातून आकडे टिपून आणले होते. कोणत्या साली परदेशातून किती कागद आणि पुठ्ठा आला. एका बाजूला आपला देश, दुसऱ्या बाजूला सिलोन. इंग्रजी आकडे त्यानंच मला चुलीपुढं कोळशानं शिकवले.

"म्हंजे रावणाची लंकाच की रं."

"व्हय. त्याला बी कागद भाईरनं आणावा लागतोय."

"मग दोन देश कशाला? आपलाच बघ की."

"एकट्याचं बघून कळत न्हाई, आई. दोन शेजारी ठिवलं की कोण कुठं चाललाय त्ये दिसतं."

आपल्या देशाची बाजू मी कोऱ्या कागदावर उतरवून पक्की केली आणि लाल फडक्यात बांधली. सिलोनची तो स्वतः करणार होता. मला वाटलं, केली असेल.

मग त्याला कावीळ झाली. पुण्याला दवाखान्यात ठेवलं, सोबतीला माझे मालक राहिले. घरी मी अकरा हजार नामांचा संकल्प केला. नाम लिहायचं, चिठ्ठी कापायची, कणकेच्या गोळीत घालून गुंजवणी नदीच्या माशांना द्यायची. ते चौऱ्याहत्तर साल, कागदाच्या टंचाईचं. कागद आमच्या मार्गासनीत नाही, भोरच्या बाजारात नाही. वही मागितली की दुकानदार हसायचा. तेव्हा मी ज्ञानूची ट्रंक उघडली. सुटे कागद होते. पुढून खाडाखोड, मागून कोरे. कच्चे आहेत, त्याचं काम झालं, असं समजून मी त्यावर नामं लिहिली. शेवटची गोळी सोडली तेव्हा मासे हातापर्यंत आले होते. मला केवढा आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. त्याचे डोळे हळदीसारखे.

"आई, ट्रंकेत सिलोनचं सुटं कागद हायेत. पक्कं करायचं राह्यलं. तू उतरव आन भोरला माज्या प्रबंधाच्या सरांस्नी दे. अर्धं ऱ्हाऊ देऊ नको."

"देते, बाळा," मी म्हणाले. ते कागद माशांना गेले, हे सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

शेजारच्या अंबूबाईला सगळं सांगितलं. ती फटकन म्हणाली, "आता काय माशांच्या पोटातनं काडनार हाईस, बये?" आणि मग तीच पदर तोंडाला लावून रडत बसली.

भोरला सरांनी लाल फडकं सोडून पाहिलं. सिलोनची बाजू कुठं गेली ते मी सांगितलं.

"बाई, एका बाजूवर तुलना उभी राहत नाही. पुस्तकं पुण्याच्या ग्रंथालयात आहेत. चिठ्ठी देतो मी. पण पंधरा वर्षांचे आकडे, ते इंग्रजीत. कोण उतरवणार?"

"मी."

त्यांनी चिठ्ठी दिली आणि स्वतःच्या टेबलातले पंधरा कोरे कागद दिले.

रामावर मी रागावले नाही. पण नाम लिहायला बसले की हात थांबतो. कागदाच्या मागं काही आहे का, ते उलटून पाहते.

आज देवापुढं दिवा लावला. लिहिलं नाही. कागद मोजून पिशवीत घातले, टाक घेतला, दार ओढून घेतलं. एसटीच्या थांब्यापर्यंत एकशे आठ नामं तोंडानंच होतील.